सावकाश येणारा घाव

पोकेमॉन हा शब्द मराठी घरांत शिरला तो २००३ साली, कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी मालिकेतून. त्या काळात शाळेत असलेल्या पिढीच्या मनात त्याचे एकच चित्र पक्के बसले आहे : पिवळा, चपळ, वीज फेकणारा पिकाचू. मालिका ज्या खेळावरून निघाली तो खेळ मात्र त्याआधीचा. १९९६ साली जपानमध्ये 'गेम बॉय' नावाच्या खिशात मावणाऱ्या यंत्रावर तो आला, आणि पुढच्या तीन दशकांत त्याच्यातून द्वंद्वाची एक गंभीर शाखा वाढली. २००९ पासून तिचे जागतिक अजिंक्यपद भरते. तिथे प्रौढ माणसे महिनोन्महिने आकडेमोड करून येतात आणि बुद्धिबळाच्या पटासमोर बसावे तशी समोरासमोर बसतात. या शाखेत पिकाचू जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथे ज्याची धास्ती घेतली जाते तो बऱ्याचदा एखादा जाडजूड, जागचा न हलणारा, रांगेत सर्वांत शेवटी उभा असलेला प्राणी असतो. या प्राण्याला खेळाने तीस वर्षांत कसे वागवले, हा या लेखाचा विषय.

आधी खेळाची रीत थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. अधिकृत स्पर्धेत प्रत्येकाकडे सहा प्राणी असतात. समोरच्याचे सहा पाहून आपले चार निवडायचे आणि त्यांतले दोन-दोन एका वेळी मैदानात उतरवायचे. दोन्ही खेळाडू आपापल्या चाली एकमेकांपासून लपवून, एकाच वेळी ठरवतात. मग यंत्र त्या चाली एकामागून एक घडवते, ज्याचा वेगाचा आकडा मोठा त्याची आधी. खेळाडूचा अंगठा किती भरभर चालतो याला इथे काडीचे महत्त्व नाही. म्हणजे या खेळातला 'वेग' हा धावण्याचा वेग नाहीच. रेशनच्या रांगेत मिळतो तसा तो नंबर आहे. मंद प्राणी हळू मारत नाही, त्याची पाळी उशिरा येते, एवढेच. आणि पाळी येईपर्यंत तो शिल्लक राहील याची खात्री नसते.

मंदपणा हा रांगेतला प्रश्न आहे, अंगातला नव्हे, हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : रांग लावली कोणी?

१९९६ च्या पहिल्या खेळात रांग लावणाऱ्यांनी मंदांवर दुहेरी अन्याय केला होता. एक तर त्यांची पाळी शेवटी. वर, वर्मी घाव बसण्याची शक्यताही प्राण्याच्या मूळ वेगावरून ठरत असे. मूळ वेगाला ५१२ ने भागायचे, की ती शक्यता मिळते. टॉरोस हा बैल ११० वेगाचा, त्याचा घाव शेकडा २१ वेळा वर्मी बसायचा. रायडॉन हा गेंड्यासारखा दगडी प्राणी ताकदीने त्याच्यापेक्षा वरचढ, १३० चा, पण वेग ४०. त्याच्या वाट्याला शेकडा आठसुद्धा नाही. झोपाळू, अगडबंब स्नॉरलॅक्सचा वेग ३०, त्याला सहाच्या आत. जो आधी मारतो तोच वर्मीही मारतो, आणि जो मागे राहिला त्याच्या ताकदीचा हिशेबच धरायचा नाही, असा हा कायदा. गंमत अशी की खेळाच्या अंतर्गत यादीत पहिला क्रमांक याच रायडॉनचा आहे. ज्याच्यापासून मांडणी सुरू झाली, त्यालाच मांडणीत जागा नव्हती.

१९९९ साली आलेल्या गोल्ड आणि सिल्व्हर या दुसऱ्या पिढीत वर्मी घावाचा वेगाशी असलेला संबंध तोडला गेला. सर्वांना सारखीच शक्यता, २५६ मध्ये १७. शिवाय 'कर्स' नावाची एक चाल आली : बहुतेक प्राण्यांनी ती केली की ताकद आणि कणखरपणा एकेक पायरी वाढतो आणि वेग एक पायरी घटतो. स्नॉरलॅक्सचे नशीब इथे फिरले. ज्याचा वेग आधीच तळाला आहे, त्याला वेग घटण्याची काय भीती? तो कर्स करायचा, मार खायचा, झोपायचा, झोपून ताजातवाना व्हायचा, पुन्हा कर्स करायचा. त्या पिढीच्या एकास एक सामन्यांवर त्याने अक्षरशः राज्य केले. आपल्याला इथे कुंभकर्ण आठवणे साहजिक आहे, पण तुलना फार ताणू नये. कुंभकर्णाला जागे करावे लागते, आणि जागा झाल्यावर तो भयंकर होतो. स्नॉरलॅक्सची झोप हाच त्याच्या लढाईचा भाग होता. तो झोपेतून उठून लढत नसे, झोपून लढत असे.

तरीही ही सुधारणा मला अपुरी वाटते. स्नॉरलॅक्स जिंकत होता तो चिवटपणावर. रांग जिथल्या तिथे होती, तिच्यात शेवटी उभे राहूनही टिकायचे कसे याची युक्ती त्याला सापडली होती. मंदाने सहनशील असावे, ही आपल्या नीतिकथांचीही अपेक्षा असते. सशा-कासवाच्या गोष्टीत कासव जिंकते, पण ससा झोपला म्हणून. ससा जागा राहिला असता तर त्या गोष्टीला सांगण्यासारखे काही उरले नसते.

खरा पालट २००६ साली झाला. सप्टेंबरमध्ये जपानमध्ये डायमंड आणि पर्ल हे खेळ आले आणि त्यांत 'ट्रिक रूम' नावाची चाल आली. ही चाल कोणाला मारत नाही, कोणाला बरे करत नाही. ती फक्त रांग उलटी करते. पाच फेऱ्या, ज्याचा वेग सर्वांत कमी तो सर्वांत आधी. त्याच वर्षी, त्याच खेळात, दहा वर्षे मागे पडलेल्या रायडॉनला पुढचे रूप मिळाले : रायपेरियर, ताकद १४०, वेग तोच ४०. रचनाकारांनी हे ठरवून केले की कसे, याला महत्त्व नाही. ताकद वाढवून वेग मुद्दाम तिथेच ठेवण्यात आता अर्थ निर्माण झाला होता.

ज्याने हे खेळ पाहिलेले नाहीत त्याला ट्रिक रूम समजावण्यासाठी मला आमच्या भांडगावइतका चांगला दाखला सापडत नाही. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत आणि वरवंड यांच्या मध्ये आमचे गाव. वर्षाचे बाकीचे दिवस या रस्त्याचा कायदा स्पष्ट आहे : मोठी, वेगवान गाडी पुढे, बाकीच्यांनी बाजूला. पाटसच्या कारखान्याकडे निघालेला, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर इथला सर्वांत ताकदवान आणि सर्वांत शिव्या खाणारा. पण आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे निघते त्या दिवशी हाच रस्ता उलटतो. वाहतूक वळवली जाते, गाड्या थांबतात, आणि चालणारे पुढे जातात. त्यांचा वेग वाढलेला नसतो. रस्त्याचा कायदा तेवढ्यापुरता बदललेला असतो. आणि तो मुदतीचाच असतो, हेही तितकेच खरे. दिंड्या पुढे गेल्या की संध्याकाळपर्यंत महामार्ग पुन्हा महामार्ग होतो.

गावातल्या मुलांना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. माझा पुतण्या 'पोकेमॉन शोडाऊन' या फुकट संकेतस्थळावर मोबाइलवर सामने खेळतो. त्याच्या संघातले एक कासव पाहून मी विचारले, की हे एवढे हळू जनावर कशाला घेतलेस. तो मान वर न करता म्हणाला, "काका, हळूय म्हणून तर घेतलंय."

त्या कासवाचे नाव टॉर्कोल. पाठीवरच्या कवचात कोळसा जळतो, नाकातून धूर निघतो, मूळ वेग २०. मंद हल्लेखोराचे सगळे शास्त्र या एका प्राण्यात पाहायला मिळते, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. त्याची मुख्य चाल 'इरप्शन', म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेक. ती समोरच्या दोघांवर एकाच वेळी पडते. तिचा जोर करणाऱ्याच्या अंगात किती जीव शिल्लक आहे त्यावर ठरतो : पूर्ण जीव असेल तर १५०, अर्धा असेल तर ७५, आणि मरायला टेकला असेल तर नुसता धूर. आता मंद प्राण्याची अडचण पाहा. त्याची पाळी शेवटी, म्हणजे आधी समोरचे दोघे त्याला मारणार. म्हणजे पाळी येईपर्यंत जीव निम्मा, आणि उद्रेकही निम्मा. इतर प्राण्यांना मंदपणामुळे फक्त वाट पाहावी लागते. टॉर्कोलची ताकदच त्या वाट पाहण्यात विरून जाते. २०१६ मध्ये आलेल्या सन आणि मून या खेळांत त्याला मैदानात येताच कडक ऊन पाडण्याचा गुण मिळाला. उन्हात आगीचा मारा दीडपट होतो. तरीही शेवटची पाळी ती शेवटचीच. ट्रिक रूम लागली की मात्र ही सगळी गणिते एकदम उलटतात. कासव पहिले, अंगात पूर्ण जीव, वर ऊन, आणि समोरचे दोघे एकाच चालीत भाजून निघतात. ज्या आकड्यामुळे तो कुचकामी ठरत होता, त्याच आकड्यामुळे तो भयंकर ठरतो.

यातून खेळाडूंमध्ये एक विलक्षण प्रथा रूढ झाली. खेळातल्या प्रत्येक प्राण्यात जन्मजात गुणांचे अंश असतात, शून्यापासून ३१ पर्यंत. एरवी सगळे खेळाडू ३१ च्या मागे. ट्रिक रूमवाले मात्र वेगाचा अंश शून्य यावा म्हणून धडपडतात आणि वेग दहा टक्क्यांनी घटवणारा स्वभावही शोधतात. स्पर्धेच्या पातळीवर सर्वसाधारण टॉर्कोलचा वेग ४० असतो, असा मुद्दाम निवडलेल्याचा २२. दोन्हीकडे टॉर्कोल असतील तर बावीसवाला चाळीसवाल्याच्या आधी पेटतो. कमीत कमी मिळावे म्हणून एवढे कष्ट दुसऱ्या कुठल्या खेळात घेत असतील तर मला पाहायला आवडेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ट्रिक रूम टॉर्कोल स्वतः लावत नाही. ती त्याच्यासाठी दुसऱ्याने लावायची असते, आणि लावणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. ही चाल त्या फेरीत सगळ्यांच्या शेवटी घडते, म्हणजे ती लावणाऱ्याला आधी समोरच्या दोघांचा मार अंगावर घेऊन जिवंत राहावे लागते. म्हणून त्याच्या शेजारी आणखी कोणी तरी हवा. कोणी 'फेक आऊट' करून समोरच्या एकाला त्या फेरीपुरता गप्प बसवतो. कोणी अमूंगस नावाच्या अळंबीसारखा भुकटी उडवून सगळे घाव स्वतःकडे ओढून घेतो. चपळ हल्लेखोर एकटा येतो, मारतो, जातो, त्याला कोणाचे देणे लागत नाही. मंद हल्लेखोराच्या प्रत्येक घावामागे दुसऱ्या कोणी तरी खर्चलेली पाळी असते. या खेळात 'संघ' या शब्दाला खरा अर्थ येतो तो मंदांमुळे, असे माझे मत आहे. समीक्षक चपळ, चतुर डावपेचांचे कौतुक करतात ते ठीकच आहे, पण रचना म्हणून पाहिले तर अवघड आणि सुंदर काम इकडे चालले आहे.

याचा सर्वांत देखणा नमुना २०१७ च्या हंगामात दिसला, आणि त्यात ट्रिक रूमची गरजही नव्हती. लिलिगँट ही फुलासारखी प्राणी. टॉर्कोलने पाडलेल्या उन्हात तिचा वेग दुप्पट होतो, म्हणजे मैदानात बहुतेक वेळा तीच पहिली. तिच्याकडे 'आफ्टर यू' नावाची चाल आहे, मराठीत सांगायचे तर 'आधी तुम्ही'. ती केली की जोडीदाराची पाळी लगेच येते. रांगेत पहिली उभी असलेली लिलिगँट स्वतः काहीच करत नाही, शेवटच्याला हाताला धरून पुढे आणते, आणि कासव पेटते. ऊन त्याने दिलेले, नंबर तिने दिलेला. तिचा वेग त्याच्या उन्हावर उभा आणि त्याची ताकद तिच्या वेगावर.

मंद पण जबर हत्याराला सोबत लागते, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये, पण आपल्या आवडीनिवडींमुळे ती आपण विसरतो. आपला इतिहास आपण चपळांच्या बाजूने वाचत आलो आहोत. १७२८ साली पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत धरले ते वेगावर. निजामाचा अवजड तोफखाना त्या दौडीला पुरा पडला नाही. गनिमी काव्यावर वाढलेल्या मनाला अवजड ते बावळट असे वाटू लागते. मग १७६१ चे पानिपत येते, आणि तिथे अवजड हत्यार आपल्या बाजूला असते : इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि तोफा. तोफखान्याच्या भरवशावर गोल बांधून लढावे की जुन्या रीतीने घोड्यांवर, यावरून भाऊसाहेब आणि मल्हारराव होळकर यांच्यात मतभेद होता, हे सर्वांना ठाऊक आहे. परंपरेने चालत आलेले वर्णन असे, की गारद्यांचा मारा रोहिल्यांवर चांगला चालला असताना आपल्याच घोडदळातली काही पथके उतावीळपणे पुढे घुसली आणि तोफांच्या तोंडासमोर आली. मग तोफा थंड पडल्या. पानिपतच्या पराभवाला उपासमारीपासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत अनेक कारणे आहेत आणि एका खेळावरून त्यांचा निवाडा करणे बालिश ठरेल. मला एवढेच दाखवायचे आहे, की तिथे तोफ मंद होती म्हणून हरली असे त्या वर्णनातून निघत नाही. तिची पाळी येऊ देण्याइतका धीर शेजारच्या घोड्यांना नव्हता. 'आधी तुम्ही' म्हणणारे कोणी नव्हते.

कुस्तीच्या फडातही ताकद आणि वेळ यांचे असेच नाते दिसते. जत्रेतल्या मातीवर निकाली कुस्ती लागायची तेव्हा वजनदार, सावकाश पैलवान समोरच्याला दमवत बसू शकत असे, घाई समोरच्याला. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आले, निष्क्रिय राहिलेल्याला ताकीद आणि गुण जाण्याची भीती आली, आणि तोच पैलवान 'सुस्त' ठरला. त्याचे अंग तेच, घड्याळ तेवढे बदलले.

खेळाच्या रचनाकारांना हे नेहमी उमगले आहे असे मात्र नाही. ताकदीची भीती वाटली की ते कधी कधी मंदपणा प्राण्याच्या अंगातच कोंबतात. २००२ च्या तिसऱ्या पिढीतला स्लेकिंग हा आळशी वानर पाहा : ताकद १६०, वेग १००, म्हणजे खरे तर चपळसुद्धा. पण त्याला 'ट्रुअंट' हा गुण चिकटवला आहे, एक फेरी लढायचे, एक फेरी लोळत पडायचे. २००६ मधला रेजिगिगास तर पुराणपुरुषासारखा प्रचंड, ताकद पुन्हा १६०. त्याला 'स्लो स्टार्ट' : मैदानात आल्यापासून पाच फेऱ्या ताकद आणि वेग दोन्ही निम्मे. या दोघांची रचना मला आळशी वाटते. टॉर्कोलचा मंदपणा इतरांशी असलेल्या नात्यातून येतो, म्हणून नाते बदलले की तो बदलतो. स्लेकिंगचा मंदपणा म्हणजे गळ्यात अडकवलेली पाटी. वर्गात एखाद्या मुलाला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवावे आणि मग तो मागे का राहतो याचा अभ्यास करावा, तसला हा प्रकार आहे.

खेळाडूंनी मात्र ही पाटीही काढून टाकण्याची वाट शोधली. २०१९ साली आलेल्या स्वोर्ड आणि शील्डमध्ये वीझिंग या धुरकट, दोन डोक्यांच्या प्राण्याच्या एका रूपाला 'न्यूट्रलायझिंग गॅस' हा गुण मिळाला. तो मैदानात असेपर्यंत बाकी सर्वांचे गुण रद्द. पुढच्या वर्षी रेजिगिगास त्या खेळात दाखल झाला आणि लोकांनी लगेच दोघांना शेजारी उभे केले. वीझिंगचा वायू पसरला की राक्षसाच्या बेड्या गळून पडतात, आणि पहिल्याच फेरीपासून १६० ची ताकद मोकळी होते. प्रतिस्पर्धी मग सगळा मारा वीझिंगवर रोखतो. तो पडला की राक्षस पुन्हा साखळदंडात.

ट्रिक रूमवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही : हे राज्य फार अल्पायुषी आहे. लावण्याची फेरी धरून पाच, म्हणजे हाती येतात त्या चारच. प्रतिस्पर्धी जाणता असेल तर 'प्रोटेक्ट' करून स्वतःला झाकून घेतो, प्राणी बदलत राहतो, आणि त्या चारांतल्या दोन फेऱ्या फुकट घालवतो. कोणी पुन्हा ट्रिक रूम केली तर ती तिथल्या तिथे मोडते. शिवाय वेग न पाहता आधी घडणाऱ्या काही खास चाली आहेत, त्यांना ही उलटी रांग लागूच होत नाही. फक्त मंदांवर संघ बांधणारे म्हणूनच अनेकदा उताणे पडतात. ज्यांना चांगले खेळता येते ते दोन्ही ठेवतात, दोन चपळ, दोन मंद, आणि रांग कोणत्या दिशेने वाचली जाईल हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू देत नाहीत.

आणि मधले? ज्यांचा वेग ना धड जास्त ना धड कमी, त्यांच्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. सरळ रांगेत त्यांच्यापुढे चपळ, उलट्या रांगेत त्यांच्यापुढे मंद. टायरॅनिटार हा डोंगर फोडणारा प्राणी असाच, मूळ वेग ६१, ताकद १३४. पण त्याचे अंश, स्वभाव आणि सराव नीट जुळवले तर स्पर्धेत त्याचा वेग ५९ इतका खाली आणता येतो किंवा १२४ इतका वर नेता येतो. प्राणी तोच, आकडा कोणता लिहायचा ते खेळाडूने घरीच ठरवून यायचे. समोर बसलेल्याला तो टायरॅनिटार दिसतो, त्याचा आकडा दिसत नाही. पहिल्या फेरीत तो कोणाच्या आधी हलला आणि कोणाच्या नंतर, हे पाहूनच त्याने अंदाज बांधायचा.